मासे आज्जींचे, बादली तुझी

बाळा,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "काका टँकचं पाणी किती दिवसांनी बदलायचं?" एवढंच, आणि खाली फोटो. फोटो मोठा करून बघितला. दोन फुटी टँक, आत ९ गोल्डफिश, ८ सोनेरी आणि १ काळा, म्हणजे कुणीतरी वास्तूचं सांगून घ्यायला लावलेत हे उघड आहे, आणि काचेत आज्जींची खुर्ची दिसतीय. आज्जी दिवसभर तिथंच बसत असणार. म्हणून म्हटलं एका ओळीत उत्तर नको द्यायला, निवांत लिहितो, लांबलं तर लांबलं.

आधी माझं पाप सांगतो. इथंच कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझे मामा राहायचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाहेर पडणं बंद झालं म्हणून २०१५ ला मीच त्यांना टँक आणून दिला, ६ मासे. आणि त्याच दिवाळीला घरात साफसफाई निघाली तसा मला पण उत्साह आला, अख्खा टँक उपसला, खडी नळाखाली घासली, फिल्टरचा स्पंज साबण लावून पांढरा केला, नळाचं ताजं पाणी भरलं, टँक असला चकचकीत की मामी म्हणाल्या आत्ता कसं. चौथ्या दिवसापर्यंत ४ मासे गेले. मी काय शहाणपणा केला, मामांना कळायला नको म्हणून रात्री तसलेच ४ आणून सोडले. सकाळी मामांनी चष्मा लावला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले "ह्याच्या शेपटीला ठिपका नव्हता रे." ओरडले नाहीत काय नाहीत, खुर्ची फक्त टीव्हीकडं वळवून घेतली. आठ दिवस तशीच होती ती.

तर मासा मेला तर सांगायचं. लपवायचं नाही. दिवसभर बघत बसणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता ते मेले का ते ऐक. माशांची घाण आणि उरलेलं खाणं ह्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विष. टँकमध्ये एक प्रकारचे जिवाणू असतात ते अमोनियाचं नायट्राईट करतात, ते पण विषच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फार नसतात, स्पंजात, खडीत, काचेवर चिकटून असतात आणि नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे जातात. मी त्यांनाच साबणानं आणि नळाच्या क्लोरीननं धुवून काढलं होतं. विरजणाचं भांडं कुणी लख्ख घासून ठेवतं का? मग उद्या दही कशाचं लावणार? तसंच आहे हे.

म्हणून पाणी कधीच सगळं काढायचं नाही. आठवड्याला पाव टँक, म्हणजे तुमच्या टँकमध्ये साधारण ५६ लिटर बसत असेल तर १४ लिटर. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेव आणि वर अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाक, पावसाळ्यात तर नक्कीच, तेव्हा पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वास पण जास्त मारतो. काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनचारदा पिळायचा, तपकिरी राहू दे, तपकिरीच चांगला. पाईपनं पाणी ओढताना तोंड लावू नको, पाईप पाण्यात बुडवून भरून घ्यायचा आणि टोक अंगठ्यानं दाबून बाहेर काढायचं, एकदा जमलं की सोपं आहे.

खरं ९ गोल्डफिशना आठवड्यातून एकदा बदलून भागणार नाही. गोल्डफिश दिसतो गोंडस, तो खातो म्हशीसारखा आणि घाण पण तशीच करतो, वाढला तर वितीएवढा होतो आणि नीट ठेवला तर १० वर्षं आणि वर जगतो. दोन फुटात दोन लहान ठेवले तरी पुढं मोठा टँक लागतो. सध्या आठवड्यातून दोनदा पाणी बदल आणि मासे कमी करायच्या मागं लाग. आज्जी ऐकणार नाहीत, आठ सोनेरी एक काळा, काळा मेला की घरावरचं संकट त्यानं घेतलं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार. तिथं वाद घालू नको. "आज्जी काळ्याला श्वास लागलाय, वर येऊन तोंड मारायलाय बघ" असं दाखव त्यांना, त्या स्वतः म्हणतील जागा कमी पडती म्हणून. जास्तीचे दुकानदाराला परत दे नाहीतर कुणाकडं मोठा टँक असेल तिथं. रंकाळा तलावात सोडायचं डोक्यात पण आणू नको, त्यात पुण्य वगैरे काही नाही. आणि दुकानदार "शेवाळ खायला" म्हणून काळा सकर मासा गळ्यात मारंल, तो फूटभर होतो, नको म्हणायचं.

आता मुख्य. तू फोटोखाली लिहिलंयस "आज्जीला त्रास नको म्हणून आता सगळं मीच करते". हे कर, पण सगळं करू नको. मामांच्यात मी दुसरी चूक हीच केली, खाणं पण मीच घालायला लागलो, का तर मामा विसरून दोनतीनदा घालायचे आणि पाणी पांढरं व्हायचं. महिन्याभरात मामांचा टँकमधला जीवच गेला. मासे त्यांना बघून काचेला यायचे ते माझ्याकडं यायला लागले ना. मग मामीनं डोकं चालवलं, गोळ्यांचा सोम मंगळ बुध वाला प्लॅस्टिकचा डबा असतो बघ, तसला एक नवा आणला, रविवारी मी त्यात रोजचं खाणं मोजून भरायचो, मामा त्या दिवसाचा कप्पा उघडून घालायचे. कप्पा रिकामा म्हणजे खाणं झालं. विसरायचा प्रश्नच मिटला. खाणं किती तर दोन मिनिटांत संपंल एवढंच. आणि आज्जींना सांग की चपातीचा तुकडा, शेव, देवाचा प्रसाद माशांना नको, घालतील त्या, सगळेच घालतात, सांगत राहायचं.

खाणं घालणं, मासे मोजणं, कोण मलूल आहे ते बघणं हे त्यांचं. बादली, पाईप, वायर हे तुझं. २० लिटरची बादली त्यांनी उचलायची नाही आणि तू पण ८ लिटरची घे, फरशीवर सांडलेलं पाणी लगेच पूस, ह्या वयात घसरून खुबा मोडला की वर्ष जातं. आज्जींना शुगर आहे म्हणालीस ना, मग हाताला चीर, जखम असताना पाण्यात हात घालू द्यायचा नाही, टँकच्या पाण्यातल्या एका जिवाणूनं कातडीला लवकर बरी न होणारी गाठ येते, माहितीतल्या एकाला झालेलं, डॉक्टरला टँकचं सांगितलंच नव्हतं त्यामुळं कितीतरी दिवस भलतंच औषध चाललं. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे वेगळे ठेव.

पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद, प्रत्येक वेळी. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेव म्हणजे ओघळ प्लगात जात नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेव, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येतं. त्या खोलीत डास मारायचा स्प्रे अजिबात मारू नको, पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो आणि ते औषध माशांना फार वाईट. आणि टँक ठेवलाय ते टेबल मला काय पटलं नाही, पाणी, काच, खडी धरून पाऊण क्विंटल होतं, म्हणजे तालमीतला एक गडी रात्रंदिवस त्या टेबलावर बसलाय.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो कारण तुम्ही शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या जवळ. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडं जायला लागलं की पिण्याच्या पाण्याबरोबर माशांचं पण एक पिंप भरून झाकून ठेवायचं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं खरं नळाला पण थेंब नव्हता. मी तेव्हा माशांचं खाणं बंद केलं, धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, खाणं नाही तर घाण नाही. लाईट नसली की मगानं पाणी उचलून वरून सोडायचं, मामा ते बसल्या बसल्या करायचे, दर तासाला, घड्याळ लावून. सेलवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घेऊन ठेव.

अजून एक, जरा नको वाटंल असं. आज्जी दवाखान्यात गेल्या, गावाला गेल्या, तर टँक कुणाचा? मामा १२ दिवस ॲडमिट होते तेव्हा मी रोज रात्री व्हिडिओ पाठवायचो आणि ते फोन करून औषधाचं सोडून ठिपकेवाल्याचं विचारायचे. हो, तोच, मी गुपचूप आणलेला. २०२२ ला मामा गेले, ठिपकेवाला त्यांच्यानंतर दोन वर्षं माझ्याकडं होता. तू उद्या नोकरीला पुण्याला गेलीस तर हे कोण बघणार ते आत्ताच घरात विचारून ठेव, आज्जींच्या समोर विचार, त्यांना पण बरं वाटंल.

रविवारी सकाळी येतो. पाईप मी आणतो, तू शनिवारी दोन बादल्या भरून उघड्या ठेव आणि त्या टेबलाखाली एकदा वाकून बघ, पाय किडलेत का ते. स्पंजाला मी यायच्या आधी हात लावू नको.

काका