कातळावरचं शेवाळ: कोणतं, कुठे आणि कधी?

प्रश्न: जानेवारीत रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा गेले. हिरव्या बुळबुळीत थराशिवाय काही दिसलं नाही. तपकिरी आणि लाल जाती कुठे असतात? (एक शिक्षिका)

उत्तर: तुम्ही बहुधा भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत गेलात. अष्टमी-नवमीच्या सुमारास ओहोटीला पाणी फार मागे हटत नाही आणि कातळाचा वरचा पट्टाच उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस निवडा. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. तासभर आधी पोचून पाण्यामागोमाग खाली उतरा, पाणी फिरलं की लगेच परता. लाटांकडे पाठ करायची नाही.

वरच्या पट्ट्यात नळीसारखं किंवा पातळ पानासारखं हिरवं उल्वा. तुम्ही पाहिलंत ते हेच. लाटा थेट आदळतात त्या कडेला ताठ, केसाळ झुपक्यांचं कीटोमॉर्फा. मधल्या पट्ट्यातल्या डबक्यांत तपकिरी गटातलं पॅडिना: पंख्याच्या आकाराचं, चुन्याच्या पातळ थरामुळे पांढुरकं. अगदी खालच्या काठाला तपकिरी सरगॅसम. मण्यांएवढ्या हवेच्या पिशव्यांवरून ते लगेच ओळखू येतं, आणि जानेवारीत ते भरात असतं. त्याच्या फांद्यांना आकड्यांनी विळखा घातलेलं लाल हिप्निया जरूर शोधा.

लाल शेवाळ नेहमी सर्वांत खोल असतं, हा पाठ्यपुस्तकी नियम किनाऱ्यावर जसाच्या तसा लावू नका. पॉरफायरा लाल गटातलं, तरी ते पावसाळ्यात भरतीरेषेजवळच्या, तुषारांनी भिजणाऱ्या खडकांवर येतं. इथे उजेडाइतकंच महत्त्व आहे ते किती वेळ कोरडं राहावं लागतं याला, लाटांच्या माऱ्याला आणि शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायींना. सुटे, गडगडणारे धोंडे सोडून द्या; त्यांवर मोठं शेवाळ टिकत नाही. दगड उलटलात तर पुन्हा होता तसाच ठेवा, नाहीतर वरचं आणि खालचं दोन्ही जीवन मरतं.

प्रश्न: कागदावर वाळवलेले नमुने काळे पडतात, कुजतात. काय चुकतं?

उत्तर: दोन चुका असतात. गोड्या पाण्यात धुतल्याने, विशेषतः लाल जातींच्या, पेशी फुटतात आणि रंग उतरतो; समुद्राच्याच पाण्यात धुवा. दुसरी चूक म्हणजे ओला कागद न बदलणं. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घ्या, जाड कागद बुडवून त्यावर शेवाळ तरंगत पसरवा, कागद तिरका उचलून पाणी निथळू द्या. वर जुनं मलमल, मग वर्तमानपत्रं आणि वजन. पहिले तीन दिवस वर्तमानपत्रं सकाळ-संध्याकाळ बदला. मलमल शेवटी काढा, घाईने ओढलंत तर नमुना त्यालाच चिकटून येतो. बहुतेक जाती स्वतःच्या चिकाने कागदाला धरून राहतात. जाड सरगॅसमला मात्र कागदाच्या पट्ट्या लावाव्या लागतात. प्रत्येक जातीची एकच छोटी फांदी घ्या, बुडासकट उपटू नका. खडकाला धरणारी बुडाची पकड राहिली तर बऱ्याच जाती तिथूनच पुन्हा फुटतात.