गळ घरी ठेवा, आधी सुकती बघून या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निवृत्तीनंतर रत्नागिरीला परत आलात, 22 वर्षांनी पुन्हा गरवायला लागलात, भाट्याच्या पुलाजवळच्या जुन्या जागेवर सहा फेऱ्या मारल्यात आणि हाताला लागल्या दोन शेंगट्या नि एक खेकडा. आता नदीतल्या आणि खाडीतल्या चांगल्या जागा कुठल्या, असं विचारलंत. सहा फेऱ्या रिकाम्या गेल्यावर काय वाटतं ते मला ठाऊक आहे. माझीही काही वर्षं मुंबईत गेली आणि परत आल्यावरचा पहिला मोसम असाच कोरडा गेला होता.

जागांची नावं सांगतो. पण नुसत्या नावांनी काम होणार नाही, कारण तुमची जुनी जागासुद्धा नावानं तीच आहे. पूल तिथंच आहे, खालचा तळ मात्र बदललाय. काजळी नदी दर पावसाळ्यात साखरप्याकडून माती घेऊन येते आणि मुखाशी समुद्र वाळू लोटतो. या दोघांमुळे भाट्याचं मुख उथळ होत गेलं. राजिवड्याच्या होड्यांना ओहोटीत आत-बाहेर करणं जड जातं, गाळ काढायची मागणी कित्येक वर्षांची आहे. तुमच्या आठवणीतला खोल पाट आता दुसरीकडून वाहतोय आणि तांबोशी मासळी पाटाबरोबर गेली. पुलाच्या खांबांशी तिची निष्ठा नव्हती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे उधाणाच्या सुकतीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या ओहोटीला, खाडी चालून बघायची, आणि तेही गळ न घेता. हातात गळ असला की माणूस टाकतोच आणि मग बघायचं राहून जातं.

वेळ कशी काढायची ते तुम्हाला लहानपणी कुणीतरी सांगितलं असेल: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं आणि तीच वेळ दिवसा नि रात्री धरायची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पाणी पुरतं सुकतं. मोबाईलवर मिनिटापर्यंत वेळ मिळते, मीही बघतो. पण पाऊणपट डोक्यात असली की दिनदर्शिकेवर नजर टाकताच महिन्याचा बेत ठरतो. एक मात्र लक्षात ठेवा, हा हिशेब मुखाचा. आत जावं तशी भरती उशिरा पोचते. सोमेश्वरच्या बाजूला मी अर्धा-पाऊण तास जादा धरतो.

आता बघा, सगळ्यात जास्त पाणी सुकतं ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सुकती सकाळी पावणेआठच्या आसपास. चांगलं ऊन असतं आणि सूर्य तिरपा असल्यामुळे चिखलातली प्रत्येक घळ सावलीनं उठून दिसते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची सुकती अशी सकाळ-संध्याकाळी येते, हे आपलं नशीब समजा.

मागच्या नोव्हेंबरमध्ये असाच एका द्वितीयेला चिंचखरीच्या बाजूला उतरलो होतो. तिथून मी दहा वर्षं भरतीला गळ टाकलाय आणि तळ सपाट आहे असं धरून चाललो होतो. त्या दिवशी पाणी एवढं खाली गेलं की काठापासून पंधरा-वीस हातांवर जांभ्याची एक लांब कड उघडी पडली. कडेला कालवं चिकटलेली आणि तिच्या पलीकडे चिखल एकदम कमरेएवढा खाली गेलेला. कडेच्या एका फटीतून कांदळवनातलं उरलंसुरलं पाणी झिरपत येत होतं, मनगटाएवढी धार. ती धार जिथं पाटात पडत होती तिथं बारीक कोळंबी टपटप उड्या मारत होती आणि दर अर्ध्या मिनिटानं खालून कुणीतरी चाप वाजल्यासारखा आवाज करून एकेक उचलत होतं. मी तिथं तासभर नुसता बसून राहिलो. काठावरच्या दोन झाडांची खूण धरली, मोबाईलवर फोटो काढले आणि घरी गेलो. दशमीला संध्याकाळी त्याच फटीसमोर जिवंत कोळंबी सोडली, तिसऱ्या वेळेला तांबोशी लागली. पहिल्या धडकेतच ती कडेखाली घुसली आणि कालवावर दोरी कापून गेली. 30 पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) होता. तेव्हापासून त्या जागेला मी 50 पौंडी वापरतो आणि मासा लागला की पहिले पाच सेकंद त्याला एक वीतही देत नाही.

चालताना बघायचं ते हेच. कांदळवनातून येणारे छोटे ओहोळ खाडीला कुठं मिळतात. खाडी वळते तिथं बाहेरच्या काठाखाली खोली किती आहे. कालवं धरलेला खडक, जुन्या जाळ्यांचे खुंट, पडलेलं झाड कुठं आहे. खारबंदिस्तीची (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाची) उघडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झापांची वाट, कुठं आहे. भरतीला तिची झापं मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी जोरात बाहेर पडतं, तेव्हा तिच्या तोंडाशी जिताडा (आपल्याकडे खजुराही म्हणतात) येऊन उभा राहतो. गूगल अर्थवर वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बघता येतात. त्यातला एखादा सुकतीच्या वेळचा निघाला तर पाट कुठून कुठं सरकला ते घरबसल्या कळतं. पण फोटोत कोळंबी दिसत नाही, त्यामुळे चालणं चुकत नाही.

गरवायला कधी जायचं? उधाणाला पाणी गढूळ, वाहून आलेला कचरा फार, शिसं जागेवर राहत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी हलतच नाही. मला दशमी-एकादशी सगळ्यात आवडते. भरती साडेसात-सव्वाआठला पुरी होते, म्हणजे तिन्हीसांजेला पाणी चढतं असतं आणि अंधार पडता पडता भरतं. एकादशीला घरात मासे चालत नसतील तर दशमी धरा. चढत्या पाण्यात मासा ओहोळातून आत शिरतो, तेव्हा तोंडाशी थांबायचं. पाणी फिरलं की पहिला दीड तास तोच मासा बाहेर येतो, तेव्हाही तिथंच. मधल्या थांबलेल्या पाण्यात चहा घ्या.

ऋतूचंही सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर वरून गोडं पाणी वाहतं, खालून खारं असतं. गोडं हलकं म्हणून वर राहतं. त्या दिवसांत मुखाजवळ आणि तळाशी गरवायचं, वरच्या थरात काही नसतं. नवरात्रानंतर पाणी निवळायला लागतं, तिथपासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. शिमग्यापर्यंत खारं पाणी खूप आत चढलेलं असतं आणि मासाही त्याच्याबरोबर आत जातो. एप्रिलमध्ये मुखाशी बसून वैतागणारे लोक मी बघतो. त्यांनी मैल-दोन मैल आत जाऊन बघावं.

आता नावं. काजळीवर राजिवड्यापासून सोमेश्वरपर्यंतचा पट्टा तुमच्या घराजवळ आहे, तोच आधी नीट शिका. एक खाडी वर्षभर चालून जेवढं कळतं तेवढं पाच खाड्या फिरून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. मन रमलं की दक्षिणेला पूर्णगड, मुचकुंदीची खाडी. गावखडीच्या बाजूला पुळण (वाळूचा किनारा) आणि खाडी दोन्ही एकाच फेरीत होतात. उत्तरेला काळबादेवी-साखरतरची खाडी लहान आणि सोपी आहे. जयगडला शास्त्रीची खाडी मोठी, खोल, तिथं ओढ जबरदस्त असते. पहिल्या वर्षी तिथं जाऊ नका. चिपळूणकडे वाशिष्ठीवर गेलात तर काठावर वाकून पाण्यात हात घालू नका, तिथं मगरी आहेत.

समुद्राकडच्या खडपात (खडकाळ किनाऱ्यावर), आरे-वारे असो की मिऱ्या, ऑक्टोबरनंतर सकाळी चांगलं गरवतं, पण दर्याकडे पाठ करून आमिष लावायचं नाही. सात लाटा साध्या येतात आणि आठवी डोक्यावरून जाते. इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी खडपात उतरायचंच नाही. पुळणीवर मुडदुशी हवी असेल तर बारीक गळ, सोललेली कोळंबी, आणि लाट फुटते तिच्या अलीकडची खोलगी. लांब फेकणाऱ्यांचा गळ तिच्या पलीकडे पडतो.

नदीबद्दल विचारलंत. चांदेराईच्या वर काजळी गोड्या पाण्याची, कोंड (खोल डोह) आणि बंधारे असलेली. थंडीत बंधाऱ्याला फळ्या घातल्या की खालच्या बाजूला फेसाच्या कडेनं बघा. मरळ मात्र संथ, झुडपं वाकलेल्या कडेला असते. इथं माझ्या मनात एक सल आहे, तो सांगतोच. वरच्या अंगाला मी ज्या कोंडात मुलाला पहिला मासा काढायला शिकवलं, तिथं एका उन्हाळ्यात कुणीतरी औषध टाकलं. सकाळी गेलो तर बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगत होती. जिलेटीन आणि विष दोन्हीवर 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. त्या कोंडात परत मासा दिसायला चार पावसाळे लागले. असं काही दिसलं तर गप्प बसू नका, पोलीसपाटलाला सांगा. आणि पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. गावोगावी ते धरायची रीत आहे हे मला माहीत आहे, पण मी धरत नाही आणि तुम्हीही धरू नयेत असं मनापासून वाटतं. देवाच्या कोंडात तर गळ टाकायचाच नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत आजही एवढाले मासे हाताशी येतात ते लोकांनी हा नेम पाळला म्हणूनच.

खाडीतही थोडं सोडायला शिका. आपल्या खाडीतली तांबोशी बहुतेक तरणी असते, मोठी झाली की ती बाहेरच्या खडकांकडे जाऊन तिथं अंडी घालते. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दोन हातांहून लांब, फोटोला सगळ्यात शोभणारा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यांवर येणारी मादी. मी मधल्या मापाचा एखादा घरी आणतो, लहान आणि फार मोठा पाण्यात परत. सोडायचा तर ओल्या हातानं, पोटाखालून धरून, श्वास परत येईपर्यंत पाण्यात उभा धरायचा. राज्यानं 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तो तक्ता एकदा नजरेखालून घाला.

माणसांकडून खूप कळतं, पण विचारायची पद्धत असते. "चाचा, मासा कुठं मिळतो?" असं विचारलं तर राजिवड्यात कुणीही हसून समुद्राकडे बोट दाखवेल. मी बाजारात जातो. खाडीचा मासा टोपलीत वाट्या-वाट्यांनी मांडलेला असतो, मोठ्या लाँचच्या मालासारखा बर्फात रचलेला नसतो. तिथून वाटा घ्यायचा आणि मग विचारायचं, मावशी, हा कुठल्या पाण्यातला? घेणाऱ्याला त्या खरं सांगतात. एका चाचांकडून मी चार वर्षं जिवंत कोळंबी घेत होतो, तेव्हा कुठं एक दिवस त्यांनी स्वतःहून उघडीची जागा दाखवली. ती मी इथं लिहिणार नाही, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. कुणाचं जाळं लागलेलं असेल तर त्यावरून गळ फेकायचा नाही, होडी येत असेल तर दोरी गुंडाळून घ्यायची. आपण हौसेनं जातो, ते रोजीसाठी.

सामानाचं थोडक्यात. जुना फायबरचा रॉड चालेल, दोरी मात्र नवी घ्या. 20 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढं जाड लीडर. पायात चपला नकोत, कालवं तळवा फाडतात. जाड तळव्याचे बंद बूट घाला. चिखलपाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. शेंगटीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि डॉक्टरकडे जा. कार्बनचा रॉड घेतलात तर वरून गेलेल्या विजेच्या तारांकडे आधी बघा. मुखाकडच्या पांढऱ्या चिप्पीची किंवा कुठल्याही कांदळाची फांदी गळ सोडवायला तोडू नका. गळ आठ-दहा रुपयांचा असतो आणि त्या मुळांतच उद्याची कोळंबी वाढत असते.

येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी सातला मी चिंचखरीच्या बाजूला उतरणार आहे. तुम्ही या. बूट, पाण्याची बाटली आणि एक वही आणा. ती जांभ्याची कड दाखवतो, पुढच्या तुम्ही शोधायच्या. दशमीला मग दोघंही गळ घेऊन जाऊ.