बिलावर लिहिता येईल तेच बोल

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पुरवठादाराने एफएससीच्या, म्हणजे जंगल जपून काढलेल्या लाकडासाठीच्या, प्रमाणपत्राची झेरॉक्स पाठवली, तेवढ्यावर मॅनेजरने दुकानातल्या शिसमाच्या सगळ्या फर्निचरला 'पर्यावरणपूरक' अशी हिरवी चिठ्ठी लावायला सांगितलं, आणि तू विचारतेस, "लावू का? सगळेच लावतात." नाही लावायची.

ते प्रमाणपत्र कारखान्याचं आहे, कपाटाचं नाही. त्याच कारखान्यातून प्रमाणपत्राबाहेरचा मालही निघू शकतो आणि त्यात बेकायदा काही नाही. म्हणून खरेदीचं बिल काढ. मालाच्या ओळीत 'एफएससी १००%' किंवा 'एफएससी मिक्स' असा दावा आणि बिलावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का? असेल तर तो क्रमांक एफएससीच्या वेबसाइटवर टाकून बघ, मुदत संपलीय का आणि त्या प्रमाणपत्रात फर्निचर येतं की नुसत्या फळ्या. दावा नसेल तर जंगलापासून दुकानापर्यंतची साखळी तिथेच तुटली, मग झेरॉक्स कितीही चकचकीत असू दे. त्यातून हे शिसम. शिसम ज्यात येतं तो डाल्बर्जियाचा अख्खा वंश २०१७ पासून साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियंत्रणात आहे. हे लाकूड जपून वापरायचं, हे जगाने मिळून ठरवलंय, आणि आपण त्यावर हिरवी चिठ्ठी लावायची?

जे बिलावर लिहायला हात धजत नाही, ते तोंडाने विकू नये. मला सांगण्यासारखं एवढंच आहे.

सेल्सला असताना मी एका जोडप्याला बाळाच्या खोलीसाठी पार्टिकल बोर्डाचं कपाट विकलं. बाईंनी विचारलं, बोर्ड कुठल्या दर्जाचा? मी म्हणालो, ई-वन, म्हणजे डिंकातला फॉर्मल्डिहाइड वायू कमी सोडणारा. पुरवठादार तसं म्हणाला होता, बाकी आधार काही नाही. आठ दिवसांनी त्यांनी घरी बोलावलं. दार उघडताच डोळे चुरचुरले. मी खण ओढून उलटा केला. दर्शनी कडेला सुबक पट्टी आणि मागच्या तिन्ही कडा उघड्या, बोट फिरवलं तर भुसा हाताला लागला. बोर्डाच्या डिंकातलं फॉर्मल्डिहाइड अशाच उघड्या कडांमधून जास्त सुटतं, उकाड्यात आणि दमट हवेत आणखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "नव्या फर्निचरचा वास आहे, खिडक्या उघड्या ठेवा."

दुकानात येऊन बिलाची प्रत काढली. 'कपाट, १ नग.' ई-वन हा शब्द कुठेही नव्हता. त्या बाईंच्या हातात काही पुरावा नाही, हे बघून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेलेलं नाही. कपाट परत आणायला हवं होतं. नाही आणलं.

पुढे मी हट्टाला पेटलो. तपासणी अहवाल आल्याशिवाय माल गोडाऊनमध्ये उतरवू देईना. दोन पुरवठादार तुटले, शेवटी ती नोकरीही सोडावी लागली. याला धंदा कळत नाही, असं लोक म्हणाले. पण मी मागत काय होतो? एक कागद! ज्यांच्याकडे तो होता त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिला. मग अडून कोण बसलं होतं? मी नव्हे. हे मी आजही कोणालाही सांगेन.

'ग्राहक विचारतच नाहीत' असं तू लिहिलंयस. अगं, त्यांना माहीत नाही म्हणून विचारत नाहीत. दाबून केलेल्या बोर्डावर सागाचा नुसता पातळ थर, म्हणजे व्हिनियर, असेल तर 'एमडीएफवर सागाचं व्हिनियर' असं लिही, नुसतं 'सागवानी' नको. टिकाऊ म्हणायचंय? मग बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल किती वर्षं मिळतील तेही बिलावर येऊ दे. एका बिजागरीपायी अख्खं कपाट टाकलेलं मी पाहिलंय. एकट्या अमेरिकेत २०१८ साली फर्निचर आणि घरसजावटीच्या सामानाचा १ कोटी २१ लाख टन कचरा निघाला आणि त्यातला सुमारे ८० टक्के जमिनीत पुरला गेला.

मॅनेजरशी भांडू नकोस, तुला नोकरीची गरज आहे आणि ती गरज मला कळते. फक्त म्हण, "चिठ्ठीवरचा मजकूर बिलावरही छापूया का?" आणि गप्प राहा. ते काय म्हणतात ते मला कळव, आणि खरेदीच्या बिलाचा फोटोही पाठव. ती ओळ आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका