ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगमधील (बर्फावरील कसरतींचा खेळ) ट्रिपल ॲक्सल ही उडी साधणारी पहिली महिला स्केटर कोण, आणि तिचे सुवर्णपदक का हुकले?

ती जपानची मिदोरी इतो असून, १९९२च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच टप्प्यात ट्रिपल लुत्झ ही तीन फेऱ्यांची वेगळी उडी घेताना पडून चौथ्या स्थानी राहिल्यामुळे तिचे सुवर्णपदक हुकले आणि ते अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीला मिळाले. ॲक्सलमध्ये पुढे तोंड करून झेपावायचे आणि पाठमोरे उतरायचे असल्याने ‘ट्रिपल’ म्हटले तरी हवेत साडेतीन फेऱ्या घ्याव्या लागतात. अंतिम टप्प्यात इतो या उडीतही आधी पडली; पण कार्यक्रम संपत आलेला असताना तिने तीच उडी पुन्हा घेऊन यशस्वी केली, आणि माझ्या मते हे धाडस तिच्या रौप्यपदकापेक्षा मोठे आहे. मात्र हा मान ऑलिम्पिकपुरता समजावा, कारण स्पर्धेत ही उडी तिने १९८८ सालीच साधली होती.