खालचं मराठी वाक्य शोध

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजी निबंध वाचला आणि समासातला लाल शाईचा शेराही: 'मराठीत विचार करणं बंद करा.' शेरा मारणाऱ्याचं बरं असतं, पुढचं काही सांगावं लागत नाही. तू मात्र अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लनची 1966 सालची ती चित्रं शोधून काढलीस, कोणत्या भाषेत विचार कसा पुढे सरकतो ते दाखवणारी, इंग्रजीची सरळ रेघ आणि पौर्वात्यांचं वेटोळं, आणि मला विचारतेस, 'सर, आपण गोल गोलच विचार करतो का?' अगं, परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध वाचून त्याने ती चित्रं काढली. परक्या भाषेत चाचपडणाऱ्याच्या लिखाणावरून त्याचं डोकं कसं चालतं ते कसं कळणार? पुढे खुद्द कॅप्लननेही ते म्हणणं बरंच सौम्य केलं. वेटोळं राहू दे, वाक्याकडे बघ.

तुझं पहिलंच वाक्य: 'द फार्मर्स हू लिव्ह इन ड्राय एरियाज, दे गो टू सिटीज.' यातलं 'दे' खोडलंय; का खोडलं, ते लिहिलेलं नाही. अशा इंग्रजी वाक्याच्या खाली मनात एक मराठी वाक्य दडलेलं असतं. खालचं मराठी वाक्य शोध. 'जे शेतकरी कोरडवाहू भागात राहतात, ते शहराकडे जातात.' आपल्याकडे 'जे' आलं की मागोमाग 'ते' येतं. इंग्रजीत 'हू'ने जोडलेला कर्ता पुन्हा सांगायचा नसतो. बस, एवढंच. हे कळलं की पानभरातली 'दे' तुझी तूच काढशील. नुसतं खोडलेलं 'दे' पुढच्या निबंधात हटकून परत येतं.

तिसऱ्या परिच्छेदात लिहितेस, 'आफ्टर कमिंग टू द सिटी, द जॉब इज नॉट अव्हेलेबल.' शहरात कोण आलं, नोकरी? इंग्रजी वाचणाऱ्याला तसंच वाटतं. 'शहरात आल्यावर नोकरी मिळत नाही' हे मराठीत बिनचूक. आलेला कोण, ते संदर्भावरून कळतं, कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र त्या 'कमिंग'चा धनी स्वल्पविरामानंतर लगेच हजर लागतो.

आणि 'ही गो' लिहिलंस, त्याचं खापर मराठीवर फोडू नकोस! आपलं क्रियापद जातो, जातेस, जाते असं चोख बदलतं. तो शेवटचा 'एस' वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं गाळतात. शिकणाऱ्याच्या चुकांनाही त्यांची स्वतःची व्यवस्था असते, हे पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने 1967 सालीच मांडलं. म्हणून म्हणतो, आधी खालचं मराठी वाक्य शोध. सापडलं नाही तर कारण दुसरीकडे आहे. तुझा मुख्य मुद्दा परिच्छेदाच्या तळाशी जातो, तेही मराठीमुळे नाही. परिच्छेद कसा रचायचा ते आपल्याकडे मराठीच्या तासालाही फारसं कुणी शिकवत नाही.

मी वर्गात प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने मराठी लिहायला लावायचो. 'इंग्रजीच्या तासाला मराठी?' म्हणून स्टाफरूममध्ये टोमणे खाल्ले. खाल्ले तर खाल्ले. सोडलं नाही, आणि आज पुन्हा वर्गावर उभा राहिलो तरी तेच करीन. सलतं ते वेगळंच. बेल्जियममध्ये सिल्व्हियान ग्रँजर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1990 पासून मातृभाषेनुसार विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध जमवून अभ्यासाचा केवढा साठा उभा केला, आणि आमच्या मुलांचे गठ्ठे दरवर्षी रद्दीत गेले. पेन्सिलीच्या ओळींसकट.

शेऱ्याने फारच खचली असशील तर चिपळूणकर काढून वाच. 1874 पासून निबंधमालेत त्यांनी जॉन्सन-मेकॉले या इंग्रज लेखकांच्या वळणाची लांबच लांब मराठी वाक्यं लिहिली. इंग्रजी मराठीत उतरलं की ती शैली, मराठी इंग्रजीत उतरलं की ती चूक! असो. मार्क तुला इंग्रजीचे हवेत, तेव्हा 'दे' काढच.

चौथ्या परिच्छेदाला मी हात लावलेला नाही. त्यात अशीच दोन वाक्यं आहेत, शिवाय एक असं की ज्याच्याखाली मराठी सापडणार नाही. तिन्ही हुडकून काढ आणि खाली मराठी लिहून पाठव. त्याआधी फोन करू नकोस.

तुझा,
सर