वाचकांचे प्रश्न : ऑक्सिजनसाठी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह

प्रश्न : मालवणला आमचं डायव्हिंग सेंटर आहे. ११.१ लिटरचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर आजवर साध्या हवेवर चालले. आता त्यांत आधी ऑक्सिजन आणि वरून हवा भरून ३२ टक्क्यांचं नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण) द्यायचं आहे. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आत असल्यास खास सफाई लागत नाही, हे खरं का?

उत्तर : तुमच्या पद्धतीला ते लागू होत नाही. ४० टक्क्यांची सवलत आधीच मिसळून तयार असलेल्या वायूपुरती आहे, आणि तीही सगळे मानत नाहीत. काही नियम २३.५ टक्क्यांवरच रेघ ओढतात. रिकाम्या सिलिंडरमध्ये तुम्ही आधी शुद्ध ऑक्सिजन सोडणार. २०० बारला ३२ टक्के हवे असतील तर सुमारे २८ बार ऑक्सिजन जातो. तेवढा वेळ व्हॉल्व्ह आणि सिलिंडर शुद्ध ऑक्सिजनच्याच संपर्कात असतात.

व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या बंद टोकाशी वायू दाबला जाऊन तापतो. हिशेब मांडला तर १ बारची हवा क्षणात २०० बारला दाबल्यावर तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. धातू त्यातली बरीच उष्णता शोषून घेतो. पण तिथे तेलाचा अंश किंवा ॲल्युमिनियमचा कीस असेल तर तो पेटू शकतो. मग ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी), सीट (व्हॉल्व्ह बंद करणारी मऊ चकती) आणि शेवटी धातूही. म्हणून ऑक्सिजन मिनिटाला ४–५ बारपेक्षा जलद भरू नका. ऑक्सिजनच्या लाइनवर बॉल व्हॉल्व्ह नको, तो पाव फेऱ्यात सताड उघडतो. हळूहळू उघडणारा नीडल व्हॉल्व्हच लावा.

आणि एक. हवेसाठी मंजूर असलेला सिलिंडर दुसऱ्या वायूसाठी वापरण्याआधी नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडून (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) परवानगीचं काय ते स्पष्ट करून घ्या.

प्रश्न : व्हॉल्व्ह नेमका कसा साफ करायचा?

उत्तर : हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचंच. तरी ते कसं होतं हे मालकालाही ठाऊक हवं.

सिलिंडर सावकाश पूर्ण रिकामा करून मगच व्हॉल्व्ह काढायचा. हँडव्हील, बॉनेट नट, स्पिंडल, सीट, आत लोंबणारी डिप ट्यूब असं सगळं सुटं करायचं. जुन्या ओ-रिंग, टेफ्लॉन वॉशर आणि सीट टाकून द्यायची. त्या धुऊन परत बसवू नयेत. पितळेवर हिरवट थर असेल तर व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर क्रोम उडतं. मग गरम पाण्यात सौम्य डिटर्जंट घालून अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये, आणि आट्यांमधून नायलॉनचा ब्रश. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करा; नळाचं जड पाणी वाळलं की पांढरी पूड मागे राहते.

आता धुतलेला भाग उजेडात तिरका धरून त्यावर पाणी सोडा. स्वच्छ धातूवर पाण्याचा पातळ पडदा अखंड राहतो. कुठे तो फाटला, थेंब गोळा होऊन बाजूला सरकले, तर तिथे तेल आहे. परत धुवा. अतिनील दिव्याखाली खनिज तेल चमकतं, पण सिलिकॉन ग्रीस बहुधा चमकत नाही, त्यामुळे एकट्या दिव्यावर विसंबू नका. यापुढे पावडर नसलेले हातमोजे घालूनच हात लावा. बोटांचा तेलकटपणाही नको.

जोडणी करताना व्हॉल्व्हच्या कंपनीचा ऑक्सिजनसाठीचा किट वापरावा. ओ-रिंग बहुधा व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या असतात. ग्रीस क्रिस्टोल्यूब किंवा क्रायटॉक्ससारखं, ऑक्सिजनला चालणारंच. ओ-रिंग जेमतेम ओलसर दिसेल इतकंच लावा. जास्तीचं ग्रीस बाहेर येऊन धूळ धरतं.

प्रश्न : सिलिंडर आतून धुताना काय टाळावं?

उत्तर : कॉस्टिक सोडा आणि त्यासारखे तीव्र क्षार टाळा, ते ॲल्युमिनियम खातात. ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रावकही नकोत. आत राहिलेली त्यांची वाफ डायव्हरच्या फुप्फुसात जाते. कोमट पाणी, सौम्य डिटर्जंट आणि लांब दांड्याचा नायलॉन ब्रश यांनी काम होतं. स्टीलच्या सिलिंडरमध्ये गंज असेल तर आधी घासक खडे घालून सिलिंडर फिरवावा लागतो. शेवटच्या स्वच्छ पाण्याने हलवून पाहा. फेस टिकला तर अजून काही उरलं आहे. मग तोंड खाली करून तेलविरहित, गाळलेल्या कोमट हवेने लगेच वाळवा. स्टीलवर तर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो.

प्रश्न : सिलिंडरवर ‘ऑक्सिजन क्लीन’चं यंदाचं स्टिकर आहे. गेल्या महिन्यात तो एकदा दुसरीकडे साध्या हवेने भरून आणला. चालेल?

उत्तर : नाही. सफाई एका भरण्यात बिघडते; स्टिकर मात्र वर्षभर तसाच राहतो. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो आणि तो आत बसतो. ऑक्सिजनवर भरायच्या हवेत हायड्रोकार्बन घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवेत. त्यासाठी वेगळं जादा फिल्टर लावतात. ती हवा तशी होती याचा चाचणी अहवाल भरणाऱ्याकडे नसेल, तर स्टिकर काढा आणि सिलिंडर-व्हॉल्व्ह दोन्ही नव्याने साफ करून घ्या. तोवर त्यात फक्त हवा भरा.

प्रश्न : जुन्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग चांगल्या दिसतात. त्या राहू दिल्या तर?

उत्तर : नको. नायट्राइल ऑक्सिजनमध्ये व्हिटॉनपेक्षा कमी तापमानाला पेटतं. व्हिटॉनची ओ-रिंग फारशी महाग नाही. सिलिंडरच्या मानेवरची, व्हॉल्व्ह बसतो तिथली ओ-रिंगही विसरू नका, ती हमखास राहून जाते.