दादासोबतचा रविवार आणि पाणचट झालेला रस्सा

इंदिरानगरहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. ती आणि तिचा मोठा भाऊ गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी साडेनऊला गंगापूर रोडच्या एका मिसळीच्या ठिकाणी भेटायचे. दोघांची लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण रविवार कधी चुकला नाही. आता वर्षभरापासून तिथली चव गेलीय. रस्सा पाणचट, वर नुसता लाल तवंग, मटकीला मोड नाहीत, पाव गार. गेल्या महिन्यात दादाने अर्धी मिसळ तशीच ठेवली आणि म्हणाला, 'आता इथे यायचं नाही', तेव्हापासून दोघं भेटलेलेच नाहीत. नवरा म्हणतो मिसळीसाठी कोणी रडतं का. ती विचारते, ताई मी वेडी आहे का, आणि मालकांशी बोलू की सरळ वन स्टार देऊन मोकळी होऊ?

अगं वेडी कसली! नाशिकमध्ये वाढलेल्या कोणालाही विचार. आपल्याकडे रविवारची मिसळ म्हणजे नाश्ता आणि जेवण एकातच, दुपारी घरी गॅस पेटवायचा नाही हे ठरलेलं, आणि मखमलाबाद असो नाहीतर गंगापूर रोड, झाडाखाली नंबर लागेपर्यंत जो वेळ जातो ना त्यातच घरातली सगळी बोलणी होतात, आईच्या गुडघ्यापासून पोरांच्या फीपर्यंत. तुमचंही तिथेच होत असणार. मग रडू येणारच.

आणि चव गेली हा तुझा भास नाहीये. काळ्या मसाल्याला कांदा आणि सुकं खोबरं मंद आचेवर पार काळपट होईपर्यंत भाजावं लागतं, करपलं की कडू, म्हणून एक माणूस तिथून हलता कामा नये. मटकी रात्रभर भिजवायची, मग फडक्यात बांधून अजून एक दिवस, आणि आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी असेल तर त्याहून जास्त. गर्दी वाढली की हाच वेळ आधी कापला जातो. तुझ्या पत्रात मोड नसलेली मटकी वाचली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. महागाई आहे, मान्य, पण २०१९ च्या डिसेंबरात कांदा किलोला शंभरीपार गेला होता तेव्हाही तुम्ही तिथे जातच होतात आणि त्या वेळची एकही तक्रार तू लिहिलेली नाहीस.

वन स्टार नको. आधी तोंडावर सांग. माझं एक साबुदाणा वड्याचं ठिकाण होतं, नाव नको, वडे तेलकट यायला लागले तर मी सहा महिने गप्प बसून खाल्ले आणि मग जाणंच सोडलं. दोन वर्षांनी त्या मालकीणबाई भाजीबाजारात भेटल्या, म्हणाल्या, 'ताई, यायचं का बंद केलंत, सांगायचं तरी.' मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून नुसती उभी. ते मला अजून लागतं.

तू रविवारी बोलू नकोस, गर्दीत कोणी ऐकत नाही. मंगळवारी-बुधवारी लवकर जा, आधी मिसळ खा. चव बरी लागली तर समजायचं की रविवारची गर्दी त्यांना झेपत नाहीये, आणि तशीच पाणचट निघाली तर काहीतरी मुळातच बदललंय. मग गल्ल्यावर काका मोकळे दिसले की दोनच गोष्टी सांग, मटकी आणि रस्सा. अकरा वर्षं येतोय हेही सांग, ते महत्त्वाचं आहे. काका म्हणाले 'आता मुलगा बघतो', तर मुलाशी बोल. कोणी उडवून लावलं तर मात्र परत जाऊ नकोस, दर रविवारी आशेने जाऊन हिरमुसून यायचं हे फार वाईट.

नवऱ्याला एवढंच सांग की महिना झाला दादा भेटला नाहीये. त्याला कळेल.

आता दादा. त्याला आजच फोन कर. त्याने त्या हॉटेलला नाही म्हटलंय, तुला नाही, आणि मला तर वाटतं तोही तुझ्या फोनची वाट बघत असेल, मोठे भाऊ असं बोलून दाखवत नाहीत. काका सुधारतील तेव्हा सुधारतील, येत्या रविवारी त्याला तुझ्या घरी बोलाव. शुक्रवारी रात्री मटकी भिजत घाल, शनिवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांध, गारठा असेल तर ती पुरचुंडी डब्यात ठेवून वरून जुनी शाल गुंडाळ. रविवारी कांदा-खोबरं भाजायला दादालाच उभं कर, धूर होईल, खिडक्या आधीच उघडून ठेव. आणि पाव त्यालाच आणायला सांग, येताना, गरम.